रुमालाखालचा सौदा

आकडे मी आधी बोटांनी शिकले, तोंडाने नंतर. जेवण आटोपलं की बाबा मांडीवर एक मोठा पांढरा रुमाल पसरायचे, माझा हात त्याखाली ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "बोल, मी किती म्हणालो?" एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. बोटाचं मधलं पेर दाबलं की अर्धा. तळहातावर नखाने हलकासा ओरखडा काढला म्हणजे नाही, परवडत नाही. आणि सगळा पंजा आवळून अंगठ्यावर अंगठा दाबला की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी फिरवायचा नाही.

"पोरीला पाढे शिकवा, दलाली नको," आई आतून म्हणायची.

"पाढे शाळेत शिकवतात. हे कोण शिकवणार?" बाबा म्हणायचे.

आमचं घराणं मोत्यांच्या व्यापारातलं. पणजोबा वाऱ्याच्या हंगामात गलबतात बसून समुद्रापलीकडे जायचे, तिकडच्या बेटांवर पाणबुड्यांच्या होड्यांवरून मोती घ्यायचे आणि वारा उलटला की परत यायचे. पुढे आजोबा तसेच गेले. बाजारात आमच्या गल्लीत अशी निरनिराळ्या जमातींची घराणी होती. कुणी कुणाच्या घरी पाणी प्यायचं नाही, कुणाचा देव कुणाला चालायचा नाही, काहींना एकमेकांची भाषासुद्धा यायची नाही. रुमालाखाली मात्र सगळ्यांची भाषा एक. पलीकडच्या बंदरातला व्यापारी आणि आमचे पणजोबा जन्मात एकमेकांशी एक वाक्य बोलले नसतील, पण अर्धं आयुष्य दोघांनी एकमेकांची बोटं धरून काढलं.

मी त्या धंद्यात गेले नाही. मी रत्नपरीक्षण शिकले. मोत्याला एक्स-रे लावायचा, तो शिंपल्यात आपसूक झालेला आहे की माणसाने आत मणी घालून वाढवलेला, ते बघायचं आणि खाली सही करायची. माझ्या अहवालात 'वाटतं' हा शब्द नसतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला तो वापरावा लागणार आहे.

बाबांना झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, जीभही थोडी जड होऊन का होईना, पण आली. उजवा हात मात्र आला नाही. तो मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. दवाखान्यातून घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, "दुकानात ने मला."

डॉक्टर नको म्हणाले, आई नको म्हणाली. बाबांनी जेवण सोडलं. शेवटी सगळ्यांनी हात टेकले आणि मी प्रयोगशाळेतून रजा काढली. माझ्या आणि आईच्या मनात वेगळंच होतं. उरलेला माल विकायचा, भाड्याची जागा सोडायची आणि बाबांना घरी बसवायचं. गल्लीत तसंही आता जुन्यांपैकी आम्ही आणि समोरचे शेठ एवढेच उरलो होतो.

दुकान पहिल्या मजल्यावर. अरुंद लाकडी जिना, धरायला वरून सोडलेला दोर. वरची खोली लांबट, सगळ्या खिडक्या उत्तरेला, कारण मोत्याचा रंग खरा दिसतो तो उत्तरेच्या उजेडातच. खाली पांढरीशुभ्र गादी, एका कोपऱ्यात एकात एक बसणाऱ्या पितळी चाळण्या, काचेच्या पेटीत नाजूक तराजू. पंखा होता, पण बारीक माल उडतो म्हणून तो कधी लावायचा नाही. सगळं कोरडं, स्वच्छ, निवांत. समुद्र तिथून बराच लांब होता.

दोन माणसांनी उचलून बाबांना वर आणलं. ते आपल्या जागी बसले, डाव्या हाताने उजवा हात उचलून समोर गादीवर ठेवला आणि मला म्हणाले, "रुमाल घाल त्याच्यावर."

मी घातला. त्यांनी डोळे खिडकीकडे लावले आणि तसेच बसून राहिले.

मला वाईट वाटलं. ज्या हाताने सगळी हयात बोलण्यात घालवली, तो मुका झालेला. मग निदान त्याच्यावर रुमाल तरी असावा, असं त्यांना वाटत असेल. काही वेळाने त्यांनी मान हलवली, मी रुमाल उचलला. तो दमट होता. निकाम्या हाताला घाम सुटतो, नसांचा ताबा राहत नाही म्हणून, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी रुमाल खिडकीत वाळत घातला.

रोज तसंच होऊ लागलं. वाळल्यावर रुमालावर पांढरट कडा उमटायची. एकदा सवयीने मी त्यावर भिंग धरलं. मिठाचे कण होते, चांगले ठसठशीत, चौकोनी. घामाचं मीठ असं बसत नाही. मी भिंग खाली ठेवलं आणि रुमाल धुवायला टाकला.

त्या आठवड्यात समोरचे शेठ आले. उंच, वाकलेले, कानात अत्तराचा फाया, लहानपणापासून मला पाहिलेले. बारीक दाण्यांची एक पुडी त्यांना हवी होती. बाबा पेंगत होते, म्हणून सौद्याला मी बसले. आम्ही मध्ये रुमाल टाकला, दोघांनी रीतीप्रमाणे नजर खिडकीकडे लावली. सौदा करताना हाताकडे किंवा समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. चेहरा बोलून जातो.

शेठनी माझी दोन बोटं धरली. मी ओरखडा काढला. त्यांनी पेर दाबलं. मी परत ओरखडा काढणार, तोच त्यांनी हात बाहेर घेतला आणि पंच्याने पुसला.

"काय झालं, शेठ?"

"पोरी, मी म्हातारा माणूस. एका वेळी एकाशीच सौदा करतो."

"एकटीच तर आहे मी."

त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते, रुमालापासून चांगले लांब.

"एक बोट दिलं की आख्खा हात धरतात, असं म्हणतात," शेठ म्हणाले. "इथे तर मी दिलंही नव्हतं." ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "पुडी माझ्या दुकानात पाठव. तिथे बोलू. तोंडाने."

ते गेल्यावर मी बाबांना विचारलं, "तुम्ही जागे आहात ना?"

"आहे."

"शेठ काय म्हणाले ते ऐकलंत?"

बाबांनी डोळे उघडले. मग डाव्या हाताने त्यांनी रुमाल स्वतःकडे ओढला आणि उजव्या हातावर घातला.

"माझ्या या हाताला आता बोलता येत नाही," ते म्हणाले. "डाव्याला ही भाषा येत नाही. तू तुझा हात घाल खाली. तो बोट धरेल. तू फक्त नाही म्हण."

"कोण धरेल?"

"थोरला."

थोरला म्हणजे बाबांचा मोठा भाऊ. घरात त्यांचा एक फोटो होता, खोल डोळ्यांचा, ओठ मिटलेला तरुण. मालाच्या खरेदीला तेच पलीकडे जायचे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, परतीच्या वाऱ्यात, त्यांचं गलबत सबंध हंगामाच्या मालासकट बुडालं होतं. एवढंच मला माहीत होतं.

आजारी माणसाशी वाद घालू नये. मी रुमालाखाली हात घातला. बाबांचा हात थंड आणि जड होता. थोड्या वेळाने माझं मधलं बोट कुणीतरी धरलं.

दाब हलका होता, पण नेमका होता. पाठोपाठ पेर दाबलं गेलं.

लुळ्या हाताला कधीकधी आपोआप आचके येतात. मी हे स्वतःला सांगितलं आणि तळहातावर ओरखडा काढला. पकड सुटली. माझ्या बोटांना पाणी लागलं होतं.

"नाही म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"म्हणाले."

"रोज एवढंच करायचं. पटू द्यायचा नाही आणि तुटूही द्यायचा नाही."

"म्हणजे काय, बाबा?"

"माल घेऊन उभा आहे तो. भाव पटला की उतरेल."

"आणि तुटला तर?"

"तुटला तर व्यापारी काय करतो? दुसरं गिऱ्हाईक शोधतो." बाबा जिन्याकडे बघत होते. "घरात अजून माणसं आहेत."

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि थोरल्या काकांबद्दल विचारलं. तिचे हात थांबले नाहीत.

"आम्ही सगळी पोरं या गल्लीतच वाढलो," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचं दुकान कोपऱ्यावर होतं. माझं लग्न आधी थोरल्यांशी ठरलं होतं, हे तुला ठाऊक नसेल."

मला ठाऊक नव्हतं.

"तो हंगाम करून आले की लग्न, असं ठरलं होतं. आले नाहीत. बातमी आली त्या दिवशी तुझे बाबा दुकानात एकटेच होते. घरी आले ते रुमाल मुठीत धरून. ओलाचिंब होता. मला वाटलं, रडले असतील. दोघा भावांचा एकमेकांवर फार जीव."

"मग?"

"मग काय. वर्ष उलटलं, आणि मोठ्यांनी आमचं लावून दिलं. चांगलाच झाला की संसार." तिने सालं गोळा केली. "फक्त एक. त्या दिवसापासून ह्यांनी दुकानाचा एक दिवस चुकवला नाही. अंगात ताप असो, पाऊस असो. तू झालीस तेव्हासुद्धा आधी दुकानात जाऊन आले, मग दवाखान्यात. मी विचारलं, असं काय आहे तिथे? म्हणाले, एक सौदा अडकलाय."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "एवढा मोठा सौदा होता तरी कशाचा, ते काही मला कधी सांगितलं नाही."

मी माझ्या परीने खुलासा करून टाकला होता. झटक्यानंतर माणसाला भास होतात. भावाच्या जागी आपण बसलो, त्याच्या गादीवर आणि त्याच्या ठरलेल्या बायकोच्या शेजारी, याचं ओझं बाबांनी मनात जपलं होतं. शेठ म्हातारे झाले होते. आणि माझ्या बोटांचं म्हणाल तर, आपल्याला जे सांगून ठेवलेलं असतं तेच आपल्याला लागतं. असं मला वाटत होतं.

तरी मी रोज बाबांच्या शेजारी बसून रुमालाखाली हात घालत होते. रोज नाही म्हणत होते. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. समोरून येणारा आकडा दरवेळी आदल्यापेक्षा थोडा खाली असायचा. विकायची घाई झालेला माणूस भाव उतरवत जातो, तसा.

पुढच्या आठवड्यात शेठनीच खरेदीदार आणला. विमानाने आलेला, तरुण, याच धंद्यातल्या चौथ्या पिढीचा. बोलायला गोड, बोटात जाड अंगठी. त्या दिवशी बाबांना व्यायाम शिकवणारी बाई घरी येणार होती, म्हणून आईने त्यांना दुकानात येऊ दिलं नाही. मी निघाले तेव्हा बाबा पलंगावरून म्हणाले, "आज रुमाल काढू नकोस. तोंडी बोल."

मी बरं म्हणाले, आणि तोंडीच बोलणार होते. सकाळचा उजेड फार सुंदर होता. काळ्या कापडावर माल मांडला होता, आणि खरेदीदार एकेक दाणा भिंगाखाली धरून मनापासून दाद देत होता. शेठ भिंतीला टेकून बसले होते. दर ठरवायची वेळ आली तेव्हा त्या मुलाची नजर घडी घालून ठेवलेल्या रुमालाकडे गेली.

"आमचे आजोबा सांगायचे याच्याबद्दल," तो म्हणाला. "मी कधीच केलं नाही. आता तर सगळं फोनवरच चालतं. एकदा करू या का? तुमचं दुकान बंद होण्याआधी?"

शेठ म्हणाले, "कशाला उगीच."

पण त्याचा चेहरा इतका उत्सुक होता. बाबांच्या भासासाठी एवढ्या साध्या हौशीला नाही म्हणणं मला कसंसंच वाटलं. मी त्याला खुणा समजावून सांगितल्या. रुमाल मध्ये टाकला.

दोघांनी खिडकीकडे नजर लावली.

त्याचा हात ऊबदार होता. अंगठी माझ्या बोटाला लागली. त्याने आकडा सांगितला, मी ओरखडा काढला. तो हसल्याचा आवाज आला. त्याने थोडा वाढवला. मी परत नाही म्हणाले. मग तो जरा थांबला. गल्लीतून हातगाडी गेली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं.

मग परत माझी बोटं धरली गेली.

हात गार होता. त्याने मघाशी पाण्याचा ग्लास उचलला होता, तो धरून गार झाला असेल.

आकडा बरोबर माझ्या मनातला होता. ना वर, ना खाली. आईला आणि मला आयुष्यभर पुरेल असा, आणि त्यालाही न बोचणारा.

मी पंजा आवळला. अंगठ्यावर अंगठा दाबला.

समोरूनही तसाच दाब आला. घट्ट, आणि फार वेळ. हाताची कातडी मऊ होती, सुरकुतलेली, पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखी. त्या बोटांत अंगठी नव्हती.

"पोरी," शेठ म्हणाले, "कुणाला पक्का म्हणालीस?"

मी वळून पाहिलं. खरेदीदार गादीच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या खिडकीपाशी उभा होता. एका हातात भिंग, दुसऱ्यात दाणा.

"माफ करा हं," तो म्हणाला. "मोठा दाणा परत एकदा बघावासा वाटला. मी काही बोललो नाही अजून."

रुमालाखालची पकड सुटली. रुमाल माझ्या हातावर सपाट पडला.

शेठ उठले. जिन्याकडे बघत त्यांनी वहाणा पायात सरकवल्या. पण ते लगेच खाली उतरले नाहीत. वरच्या पायरीपाशी, भिंतीला पाठ लावून, कुणाला तरी वाट द्यावी तसे काही क्षण उभे राहिले. मगच गेले.

माझा फोन वाजला. आई होती.

"अगं," ती म्हणाली, "ह्यांचा हात हलला."

तिचा आवाज मला ओळखू आला नाही. इतका हलका होता तो.

डॉक्टर आले, बोटं वाकवून बघितली, टाचणी टोचून बघितली आणि खूश झाले. इतक्या उशिरा असं सहसा होत नाही म्हणाले. उजव्या हाताने त्यांचं बोट धरलं तेव्हा ते हसले. "वा, पकड तर तरुण माणसाची आहे."

बाबा हसले नाहीत. सगळे खोलीबाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पटला?"

मी मान हलवली. कसा ते सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. उजव्या हाताचं मनगट त्यांनी डाव्या हाताने गच्च धरून ठेवलं होतं.

त्यानंतर त्यांनी दुकानाचं नाव काढलं नाही. कशाचंच फारसं काढलं नाही. माल त्याच मुलाने घेतला, शेठच्या दुकानात बसून, तोंडी. जागा सोडली, चाळण्या आणि तराजू शेठना दिले. मी कामावर परत गेले. बाबांची तब्येत खालावत होती, पाय परत ओढू लागला होता, बोलणं अडखळू लागलं होतं. हात मात्र दिवसेंदिवस चांगला होत होता. आई त्याला तेल लावायची. ती अलीकडे गुणगुणायला लागली होती.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत डोकावले. पडदा ओढलेला होता. बाबा गाढ झोपले होते, तोंड उघडं, श्वास संथ. आई पलंगाच्या कडेला बसली होती, माझ्याकडे पाठ करून, आणि तिचा हात त्यांच्या चादरीखाली होता. चादर हलत होती. थांबत होती, परत हलत होती.

आईने दुकानाची पायरी कधी चढलेली नव्हती. ही भाषा तिला येत नव्हती. पण तिने नजर खिडकीकडे लावली होती.

मी दारातच उभी राहिले. बाबांना ती जन्मभर 'अहो' म्हणत आली. माणसांत, एकांतात, भांडताना, त्यांच्या आजारपणात, कधीसुद्धा तिच्या तोंडून एकेरी शब्द गेलेला मी ऐकला नव्हता.

"किती रे उशीर केलास," ती चादरीकडे वाकून हळूच म्हणाली.